कागदाचं प्रदर्शन बघायला जाताय? मग बाजूला उभं राहून बघा

कागदावर किंवा कागदापासूनच केलेल्या आजच्या कलाकृतींचं प्रदर्शन लागलं की बरेच जण "चित्रंच ना, बघून येऊ पटकन" असं म्हणत जातात आणि पंधरा मिनिटांत बाहेर, कारण लांबून निम्म्या फ्रेममध्ये पांढऱ्या कागदाशिवाय काही दिसतच नाही. माझंही पहिल्यांदा हेच झालं होतं. निघता निघता तिथल्या गार्डकाकांनी थांबवलं, म्हणाले समोरनं नका बघू, इकडं या, बाजूनं बघा. मी भिंतीजवळ जाऊन तिरकी उभी राहिले आणि त्या कोऱ्या वाटलेल्या कागदावर सुईनं टोचलेल्या भोकांच्या ओळीच ओळी दिसल्या, प्रत्येक भोकाला आपली सावली. तेव्हापासून जो कोणी विचारेल त्याला मी हेच सांगते, कागदावर काय काढलंय हे नंतर, आधी कागद बघा.

त्यासाठी थोडी तयारी घरीच करायची. रोजचा पेपर घ्या आणि उभा फाडून बघा, मग आडवा. एका दिशेनं तो सरळ फाटत जाईल, दुसऱ्या दिशेनं वेडावाकडा, कारण मशीनवर कागद बनताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला पडतात. मग हातकागदाचा तुकडा मिळाला तर तोही फाडा, त्याला अशी ठळक दिशा नसते आणि फाटलेल्या कडेला बारीक केसांसारखे तंतू दिसतात. दुसरा प्रयोग, पेपरच्या कागदावर एक नाणं ठेवून उन्हाच्या खिडकीत काही दिवस राहू द्या. नाण्याखालचा गोल तसाच राहतो, बाकीचा पिवळा पडतो. पेपरचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन नावाचं लाकडातलंच एक द्रव्य असतं, ते उजेडानं असं पिवळं पडतं. मुलं बरोबर येणार असतील तर हे त्यांच्याकडूनच करून घ्या, प्रदर्शनात मग तीच तुम्हाला कागद दाखवत फिरतील.

आता प्रत्यक्ष गेल्यावर. आत अंधार वाटेल, त्यावर चिडू नका, कागदासाठी उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, आपल्या ऑफिसच्या टेबलावर त्याच्या कितीतरी पट असतो. उन्हातून आल्या आल्या पहिल्या फ्रेमपाशी धावू नका, पाचदहा मिनिटं बसा, प्रस्तावनेचा बोर्ड वाचा, तोवर डोळे सरावतात. उजेडानं होणारं नुकसान साठत जातं आणि भरून येत नाही, म्हणून बरीच म्युझियम कागदावरची कामं काही महिने लावून परत अंधाऱ्या कपाटात ठेवतात, कधीकधी कित्येक वर्षं. त्यामुळे असं प्रदर्शन लागलं असेल तर "पुढच्या वेळी बघू" करू नका. आणि फ्लॅश बंद, फोटोची परवानगी असली तरी.

मी पहिला राउंड भराभर मारते, काहीच न वाचता, आणि जी पाचसहा कामं ओढून घेतात तेवढ्यांकडेच परत जाते. प्रत्येकासमोर तीन ठिकाणी उभं राहायचं, आधी चार पावलं लांब, मग हात लांब केल्यावर पोचेल इतक्या अंतरावर (हात लावायचा नाही, बोटाचं तेल कागद शोषून घेतो) आणि मग अगदी बाजूला, म्हणजे तिरक्या उजेडात उंचसखलपणा दिसतो. कडा बघा. कागद माउंटखाली (फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) न दाबता मोकळा तरंगता लावला असेल आणि चारही कडा दिसत असतील तर त्या मुद्दाम दाखवल्यात असं समजा. हातकागदाची कड खडबडीत, पातळ होत गेलेली असते, कागद करायचा जाळीचा साचा लगद्यातून वर काढताना ती तशी होते.

लेबल आता वाचा. मापात बहुतेक वेळा आधी उंची मग रुंदी असते. छापाचित्राखाली पेन्सिलीनं ५/२५ असं काही दिसलं तर ती २५ प्रतींमधली एक प्रत. वुडकट म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यावर कोरून घेतलेला छाप. ‘कास्ट पेपर’ लिहिलं असेल तर तिथं कागदावर काही काढलेलं नाही, ओला लगदा साच्यात भरून वाळवलाय, कागद हेच शिल्प आहे. बंगालचे शिल्पकार आणि छापाचित्रकार सोमनाथ होर यांची ‘वूंड्स’ (जखमा) ही १९७०च्या दशकातली मालिका कुठं लागलेली दिसली तर थांबाच. पांढऱ्यावर पांढरं. लगदा साच्यात दाबून आलेल्या चिरा, भेगा, खळगे, आणि १९४३चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी बघितलेला माणूस ते करतोय हे कळलं की त्या भेगांना जखमा का म्हटलंय हे वेगळं सांगावं लागत नाही. पण समोरून बघाल तर कोरा कागद वाटेल, खरंच.

माझ्या सगळ्यात जवळच्या चित्रकार म्हणजे झरीना हाश्मी, नुसतं झरीना म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या. जन्म अलीगढचा, १९३७, शिक्षण गणिताचं, आणि मग बँकॉक, पॅरिस, टोकियो करत शेवटी न्यूयॉर्क. त्यांच्या मोठ्या प्रदर्शनाचं नावच होतं ‘पेपर लाइक स्किन’, २०१२ साली लॉस एंजेलिसच्या हॅमर म्युझियममध्ये सुरू झालं आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमला गेलं. कातडीसारखा कागद. त्यांनी कागद टोचला, कापला, शिवला, लगदा ओतून शिल्पं केली. ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (१९९९) मध्ये ३६ वुडकट आहेत, एकेका उर्दू शब्दासोबत एकेक साधीशी आकृती, उंबरा, दार, अंगण असे घराचे शब्द. ही मालिका बघताना घाई करू नका, एक शब्द वाचा, उर्दू येत नसेल तर लेबलवर अर्थ बघा, डोळे मिटून आपल्या घराचा उंबरा आठवा आणि मग पुढच्याकडे जा. ३६ जमत नसतील तर सहा बघा पण असे बघा.

चित्रकार नसरीन मोहमदींची रेखाटनं मात्र उलटी, तिथं जितकं जवळ जाल तितकं बरं. शाई आणि पेन्सिलीच्या बारीक रेघा, आर्किटेक्ट लोकांच्या ड्रॉइंगच्या उपकरणांनी ओढलेल्या, आणि बहुतेकांना नाव नाही, तारीख नाही. म्हणून लेबल शोधत बसू नका, एक रेघ पकडा आणि ती फिकी होत कुठं संपते तिथपर्यंत नजरेनं चालत जा. त्या बडोद्याला शिकवायच्या आणि १९९०मध्ये आपल्या अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. २०१६ला न्यूयॉर्कमध्ये मेट म्युझियमची मेट ब्रॉयर ही शाखा उघडली तेव्हाच्या पहिल्या प्रदर्शनांत त्यांचं होतं. किहीमला शनिवार-रविवार जाणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे माहीत असतं, मला फार वाटतं की माहीत असावं.

वही न्या, पेन नको, पेन्सिल न्या, बऱ्याच ठिकाणी पेन चालतच नाही. एका कामाची फक्त कड काढा, काढता येत नसलं तरी, हात चालला की डोळा थांबतो.

आणि पुण्यात असाल तर त्याच आठवड्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेकडे एक चक्कर मारा, १९४०पासूनची जुनी संस्था आहे. संभाजीनगरकडचे असाल तर दौलताबादजवळचं कागजीपुरा आहे, गावाच्या नावातच कागद. एक जाड आणि एक पातळ असे दोन ताव घ्या. घरी आल्यावर संध्याकाळी ऊन तिरकं आलं की आधी खिडकीशी आडवे धरा आणि मग काचेला लावून उजेडासमोर, तंतू कुठं दाट झालेत कुठं विरळ ते दिसेल.