वॉटर-कूल्ड पीसीची टाकी घरी बनवताय? नागपुरात तरी या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार, खोलीत ४२ अंश. पाण्याने गार राहणाऱ्या कॉम्प्युटरसाठी पाणी साठवायची टाकी बनवत होतो. अ‍ॅक्रिलिकचे दोन तुकडे काटकोनात धरून मी सुईने जोडात सॉल्व्हंट, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवणारा द्रव, सोडत होतो, आणि तो सुईच्या टोकाशीच बुडबुडत होता. तुकडे चिकटल्यासारखे वाटले. संध्याकाळी जरा ओढले, तर हातात सुटून आले. साइनबोर्ड बनवणाऱ्या काकांना तो जोड दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "सकाळी सहाला चिकटवा न जी. दुपारी हे सुईतच उडून जाते."

काकांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. अ‍ॅक्रिलिकसाठी वापरतात तो मिथिलीन क्लोराइड ४० अंशांच्या आसपास उकळतो. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीतली हवाच त्याच्या उत्कलनबिंदूच्या वर असते. हा काही गोंद नाही. तो दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवतो, ते एकमेकांत मिसळतात आणि तो उडून गेला की जोड एकजीव होतो. विरघळवायला वेळच मिळाला नाही, तर जोड नुसता टेकलेला राहतो. बोर्डवाले बहुतेक क्लोरोफॉर्म वापरतात. तो ६१ अंशांना उकळतो, त्यामुळे थोडी उसंत मिळते. दोन्हींची वाफ घातक आहे, तेव्हा काम गच्चीवर किंवा उघड्या खिडकीशी करा, बंद खोलीत कूलर लावून नको.

जुलैमध्ये उलटी अडचण येते. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं बाष्प तिथे जमतं आणि जोड दुधाळ पांढरा होतो. असा जोड कमकुवत असतो. घाई नसेल तर टाकी दिवाळीनंतर बनवा. नागपूरची नोव्हेंबर ते फेब्रुवारीची कोरडी, थंड हवा या कामासाठी फारच चांगली. चिकटवल्यावर काही मिनिटांत जोड धरतो, पण पाणी भरायच्या आधी त्याला पूर्ण दोन दिवस द्या.

चांदीच्या तारांसारख्या बारीक भेगा

माझ्या मते टाकी फुटण्याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच आहे. जोड उत्तम दिसतो, आठवडाभर थेंब गळत नाही, आणि मग एके दिवशी कडेपासून आत जाणाऱ्या केसासारख्या रेषा दिसतात. तिरप्या उजेडात त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या चमकतात. बोट फिरवलं तर काही लागत नाही, पण त्या रोज थोड्या वाढतात.

दोष जोडाचा नसतो, अ‍ॅक्रिलिकमध्ये अडकलेल्या ताणाचा असतो. लेझरने कापलेली कड काचेसारखी चकचकीत दिसते, कारण ती वितळून पुन्हा गोठलेली असते. गोठताना ती आकसते, पण आतला थंड भाग तिला आकसू देत नाही. त्या ताणलेल्या कडेला सॉल्व्हंट लागला की भेगा सुटतात. स्पिरिट, आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि काच पुसायचं अमोनियावालं द्रावणही हेच करतात. म्हणून टाकी साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट अल्कोहोलच्या ज्या कापडाने पुसता, ते कापड चुकूनही टाकीला लावू नका.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करायचे. जोडायची कड सपाट काचेवर सँडपेपर ठेवून घासा, वितळलेला चकचकीत थर निघून जाऊ द्या. कडेचे कोपरे मात्र गोल होऊ देऊ नका, फट राहिली तर सॉल्व्हंट आत खेचला जात नाही. मग तुकडे ओव्हनमध्ये ८० अंशांवर काही तास ठेवा आणि ओव्हन बंद करून दार न उघडता आतच थंड होऊ द्या. घरच्या ओव्हनच्या बटणावर विश्वास नको, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. शंभरच्या पुढे अ‍ॅक्रिलिक मऊ पडतं आणि पत्रा वाकतो. शीट घेताना 'कास्ट' (साच्यात ओतलेली) मागा, 'एक्स्ट्रुडेड' (यंत्रातून दाबून काढलेली) नको. एक्स्ट्रुडेडमध्ये मुळातच ताण जास्त असतो.

भेगा पडल्याच असतील तर आतून सिलिकॉन भरून पाहू नका. काचेच्या फिश टँकला तो पक्का धरतो, अ‍ॅक्रिलिकवर मात्र साल सुटावी तसा निघतो. तो पत्रा नवीन कापा.

आटे: 'पाव इंची' सांगून भागत नाही

वॉटर-कूलिंगच्या फिटिंगचे, म्हणजे टाकीला नळ्या जोडणाऱ्या तुकड्यांचे, आटे जी १/४ मापाचे असतात. बाहेरचा व्यास सुमारे १३.१६ मिलिमीटर, एका इंचात १९ आटे आणि सरळ, म्हणजे निमुळते नाहीत. भोकात आटे पाडायचं हत्यार म्हणजे टॅप. हार्डवेअरच्या दुकानात नुसता 'पाव इंची बीएसपी टॅप' (बीएसपी हे पाइपच्या आट्यांचं ब्रिटिश माप) मागितला तर नळकामाचा निमुळता टॅप हाती पडू शकतो. आटे तितकेच असल्यामुळे फिटिंग दोन फेरे छान बसतं, मग पाचरीसारखं अडकतं आणि अ‍ॅक्रिलिक चिरतं. टॅपवर 'जी' हे अक्षर कोरलेलं पाहूनच घ्या. भोक ११.८ मिलिमीटरचं, ड्रिल हळू आणि साबणाचं पाणी सोडत. जोर लावला की अ‍ॅक्रिलिक वितळून बिटला गुंडाळतं.

इथे पाणी आटे अडवत नाहीत, फिटिंगखालची रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, अडवते. म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळायचा नाही, आणि पान्याऐवजी हाताने आवळायचं. भोकाभोवतीची जागा मात्र गुळगुळीत सपाट हवी.

चौकोनी टाकीत हवा भरून बघताना

गळती तपासायला हवेचा छोटा पंप आणि गेज वापरतात. पद्धत चांगली आहे, पण फिटिंग आणि ब्लॉकसाठी (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी जाणारा ठोकळा) चालणारा अर्धा बार दाब चपट्या टाकीला देऊ नका. १० बाय २० सेंटिमीटरच्या एका भिंतीवर अर्ध्या बारला सुमारे १०० किलोचा भार येतो. गोल नळी तो सहज पेलते. सपाट पत्रा फुगतो आणि सगळा ताण कडेच्या जोडावर पडतो. ०.२ बार पुरे, तोही ४० किलो होतो.

तपासणीच्या अर्ध्या तासात कूलर चालू-बंद करू नका. खोली तीन अंशांनी गार झाली तर बंद हवेचा एकूण दाब (बाहेरच्या हवेचा धरून) साधारण एक टक्क्याने उतरतो, आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसता.

याच कारणाने टाकी काठोकाठ भरायची नाही. १० अंशांपासून ५० अंशांपर्यंत पाणी सव्वा टक्क्याच्या आसपास फुगतं. एक लिटरमागे १२ मिलिलिटर. जानेवारीच्या पहाटे गच्च भरलेल्या बंद लूपला (टाकी, पंप आणि नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याच्या वर्तुळाला) मे महिन्यात जागाच उरत नाही. वर दोन बोटं हवा सोडा.

पाणी आणि पंप

कन्हान-पेंचचं नळाचं पाणी किंवा बोअरचं पाणी भरू नका. कूलरच्या ताट्यांवर पांढरे क्षार चढतात ते पाणी उडून गेल्यामुळे. बंद लूपमध्ये तेवढे चढणार नाहीत, पण विरघळलेले क्षार धातू खातात. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. लेबल वाचून घ्या, शेजारीच तशाच कॅनमध्ये बॅटरीचं अ‍ॅसिड ठेवलेलं असतं. तांब्याच्या ब्लॉकसोबत अ‍ॅल्युमिनियमची टाकी किंवा रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग) अजिबात नको, त्या जोडीत अ‍ॅल्युमिनियम गंजत जातं. पारदर्शक टाकीवर ऊन येत असेल तर शेवाळ धरणारच, त्यामुळे शेवाळरोधक टाका आणि कॅबिनेट खिडकीपासून हलवा.

पंप घरघरत असेल तर आधी टाकीतला भोवरा बघा. परतीचं पाणी वरून पडत असेल तर बुडबुडे थेट पंपात ओढले जातात. परतीचं तोंड पाण्याच्या पातळीखाली आणि पंपाकडे जाणारं तोंड अगदी तळाशी ठेवा, मध्ये एक आडवी पट्टी बसवा. टाकी पंपाच्या वरच हवी. हे पंप स्वतः पाणी ओढून घेत नाहीत, आणि कोरडे चालले की बेअरिंग जातं. कूलरचा २३० व्होल्टचा पंप टाकीत सोडायची कल्पना आपल्याकडे पुष्कळांना सुचते. कृपया नको. ब्लॉकच्या बारीक फटींतून पाणी ढकलायची त्याची ताकद नसते, आणि घरची वीज कॉम्प्युटरच्या पाण्यात उतरवण्यासारखं त्यात काहीच मिळत नाही.

टाकी मोठी केली की मशीन गार राहील असं वाटून तीन लिटरचा डबा करू नका. ३०० वॉटची उष्णता एक लिटर पाणी १४ सेकंदांत एक अंशाने तापवते. तीन लिटर केले तर ४२ सेकंद, इतकाच फरक. शेवटचं तापमान रेडिएटर आणि खोली ठरवतात.

पहिल्यांदा चालवताना मदरबोर्डला वीज न देता फक्त पंप चालवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि पातळीवर मार्करने खूण करा. पहिले दोन दिवस पातळी उतरेल, ती अडकलेली हवा बाहेर पडतेय म्हणून. टिश्यू कोरडे असतील तर पाणी घालून नवी खूण करा. तिसऱ्या दिवशीही खूण सोडून पाणी खाली गेलं, तर टॉर्च घेऊन खालच्या कडा तिरप्या उजेडात पाहा.