ऑप्टिमिस्टचं शीड बांधताना

ऑप्टिमिस्ट या मुलांच्या छोट्या शिडाच्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, टोकदार नाही, सपाट कापलेली आहे. कारण प्लायवूड. १९४७ साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरमध्ये क्लार्क मिल्स यांनी ही होडी आखली, ती आठ फुटी तक्त्यात बसेल अशी; टोक काढायला लांबीच उरत नव्हती. आज ती फायबरग्लासची, ३५ किलोची आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची आहे, पण लांबी २.३६ मीटरच. ३.३ चौरस मीटरचं शीडही जुन्या वळणाचं, चौकोनी. त्याचं वरचं मागचं टोक स्प्रिट ही तिरपी काठी उचलून धरते. त्यामुळे निम्मी शर्यत किनाऱ्यावरच, बांधाबांधीत ठरते.

शीड डोलकाठीला आणि बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीला, बारीक दोऱ्यांनी बांधतात. आधी कोपरे, मग मधल्या दोऱ्या. शीड आणि काठी यांच्यात १० मिलिमीटरपेक्षा जास्त फट नियमात बसत नाही. सरगाठ मारू नका, वाऱ्यात सैल पडते. रीफ गाठ, म्हणजे साधी सपाट दुहेरी गाठ, मारा. एकच दोरी जास्त आवळली की तिथेच चुणी येते आणि मुलं उगाच स्प्रिटला दोष देतात.

डोलकाठी उभी करताना नाळ वाऱ्याकडे ठेवा. काठी खाली खोबणीत बसली की बांधून टाका. हे विसरलात तर होडी उलटल्यावर काठी निसटते आणि खोबणीचा भाग फुटू शकतो. मग दुरुस्ती महागात जाते.

आता स्प्रिट. शिडाकडे बाजूने बघा. वरच्या पुढच्या कोपऱ्यातून बूमच्या मागच्या टोकाकडे तिरपी चुणी दिसली तर स्प्रिट सैल आहे, ओढा. चुणी उलट दिशेला, वरच्या मागच्या टोकातून खालच्या पुढच्या कोपऱ्याकडे असेल तर जास्त ताणलंय, थोडं सोडा. किनाऱ्यावर अगदी बरोबर लावलेला स्प्रिट वारा वाढला की कमी पडतो, म्हणून पाण्यात गेल्यावर पुन्हा बघायचं. दुपारी खारा वारा चढतो तेव्हा तर हमखास.

(शीट म्हणजे बूम ओढायचा दोर, शीड नव्हे. नवी मुलं इथे हटकून गोंधळतात.)

निघण्यापूर्वी होडी तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या तिन्ही पिशव्या दाबून बघा, पाणी उपसायचं भांडं दोरीने बांधा. ओढून न्यायचा तरंगता दोर किमान ५ मिलिमीटर जाड आणि ८ मीटर लांब हवा. तो डोलकाठीच्या बुडाशी किंवा ती ज्यातून जाते त्या आडव्या फळीला पक्का बांधा.