विधी नियतकालिकाला लेख पाठवण्यापूर्वी

एका विधी महाविद्यालयाच्या मराठी अर्धवार्षिकाचं संपादन मी करते. लेख कसा लिहावा, कसा पाठवावा आणि आम्ही कशाला नकार देतो, हे नवे लेखक सतत विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर उत्तर.

आधी आमचा वाचक कोण, ते सांगते. तालुक्याच्या न्यायालयात कामकाज मराठीत चालतं, लेखी युक्तिवादही बऱ्याचदा मराठीत होतो. कायद्यावरचं विश्वासार्ह मराठी लेखन मात्र थोडंच आहे. त्यामुळे आमच्या अंकातल्या लेखाची झेरॉक्स बाररूममध्ये फिरते आणि त्यातला निवाड्याचा संदर्भ तसाच्या तसा एखाद्या कैफियतीत किंवा युक्तिवादात उतरतो. त्यामागे कुणाची तरी जमीन असते, कुणाची पोटगी असते, कुणाचा जामीन असतो. आमचे सगळे नियम या एका गोष्टीतून आले आहेत. ज्याला आमच्या लेखावर विसंबून उभं राहायचं आहे, त्याच्या पायाखालची जमीन पक्की असली पाहिजे.

विषय किती मोठा घ्यावा

लहान घ्यावा. ‘भारतीय राज्यघटना आणि मूलभूत हक्क’ अशा मथळ्याचे लेख आम्ही परीक्षकांकडे पाठवतच नाही. तीन ते पाच हजार शब्दांत एकच प्रश्न नीट सोडवता येतो. उदाहरणार्थ, हिंदू उत्तराधिकार अधिनियमात महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्माने हिस्सेदार, केलं, पण त्या दुरुस्तीपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली. अशा आधी लग्न झालेल्या मुलीच्या वाटपाच्या दाव्यात आज काय मांडावं लागेल, हा एका लेखाचा विषय झाला. असा प्रश्न पहिल्या परिच्छेदातच सरळ वाक्यात लिहा. वेदकाळापासून सुरुवात करू नका.

निवाड्यावरचं टिपण दीड-दोन हजार शब्दांचं चालतं. पुस्तक परीक्षण हजार शब्दांत बसवा.

निवाडा कसा वापरावा

आमच्याकडून परत जाणारे बहुतेक लेख इथे अडखळलेले असतात, म्हणून या भागावर जरा थांबते.

निवाडा मुळातून वाचा. हेडनोट, म्हणजे अहवालात निवाड्याच्या वर दिलेला सारांश, वाचून लिहिलेला लेख दोन परिच्छेदांत ओळखू येतो. हेडनोट संपादकाने तयार केलेली असते, ते न्यायमूर्तींचे शब्द नसतात. शिवाय तिचा मजकूर उचलला तर स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो. न्यायालयाचा निवाडा छापायला स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ चं कलम ५२(१)(क्यू) मोकळीक देतं. पण हेडनोटसारख्या संपादकीय भरीवर प्रकाशकाचा हक्क असू शकतो, हे ईस्टर्न बुक कंपनी वि. डी. बी. मोडक, (२००८) १ एससीसी १ (एससीसी म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ हा निवाड्यांचा छापील अहवाल; आधी वर्ष आणि खंड, शेवटी पान) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे आज ईएससीआर या न्यायालयाच्या अधिकृत ऑनलाइन संग्रहावर मोफत मिळतात, उच्च न्यायालयाचे त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. मूळ प्रत मिळाली नाही ही सबब आता उरलेली नाही.

मग तो निवाडा आज उभा आहे का, ते तपासा. मुलींच्या हक्काचंच उदाहरण घेते. प्रकाश वि. फुलवती, (२०१६) २ एससीसी ३६ मध्ये न्यायालय म्हणालं की ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील आणि मुलगी दोघंही हयात असली तरच मुलीला हक्क मिळेल. दनम्मा वि. अमर, (२०१८) ३ एससीसी ३४३ मध्ये वडील २००१ मध्येच वारलेले असूनही मुलींना हिस्सा मिळाला. अखेर तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विनीता शर्मा वि. राकेश शर्मा, (२०२०) ९ एससीसी १ मध्ये ११ ऑगस्ट २०२० रोजी हा गुंता सोडवला. हक्क जन्माने मिळतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, आणि फुलवतीचा निवाडा चुकीचा होता, असं ठरलं. तरीही फुलवतीच्या आधारावर लिहिलेले लेख आमच्याकडे येतात. असा लेख छापला आणि एखाद्या वकिलाने त्यावर भरवसा ठेवला, तर बहिणीचा दावा न लढताच सोडून दिला जाऊ शकतो.

विनीता शर्मा वाचतानाही सबंध वाचा. ‘तोंडी वाटणी मान्य नाही’ एवढंच वाक्य उचलून लेख लिहिले जातात. न्यायालयाने त्याला अपवाद ठेवला आहे. तोंडी वाटणीला सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल आणि ती हुकूमनाम्याने व्हावी तशी पक्की झालेली दिसत असेल, तर अपवादात्मक प्रकरणात ती ग्राह्य धरता येते. महाराष्ट्रातल्या शेतजमिनीच्या दाव्यांत भाऊ नेमका हाच मुद्दा घेतो. ज्या वाक्यावर पुढचा खटला उभा राहणार, तेच तुमच्या लेखातून गळून पडता कामा नये.

तिसरी गोष्ट, ‘न्यायालयाने म्हटलं’ असं लिहिताना कोणत्या न्यायमूर्तींनी म्हटलं, ते लिहा. राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीवरच्या केशवानंद भारती, (१९७३) ४ एससीसी २२५ मध्ये तेरा न्यायमूर्ती होते, अकरा स्वतंत्र मतपत्रं होती आणि निर्णय सात विरुद्ध सहा असा झाला. तिथलं एखादं सुंदर वाक्य अल्पमतातलंही असू शकतं. अल्पमत उद्धृत करायला आमची काहीच हरकत नाही, उलट करावंच. आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येते का, यावरच्या एडीएम जबलपूर, (१९७६) २ एससीसी ५२१ मधलं न्यायमूर्ती हं. रा. खन्ना यांचं एकट्याचं भिन्न मत तेव्हा हरलं. खासगीपणाच्या हक्कावरच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निवाड्यात त्या प्रकरणातला बहुमताचा निर्णय मोडीत निघाला आणि खन्ना यांचं मत योग्य ठरलं. पण ते भिन्न मत आहे, हे वाचकाला त्याच वाक्यात कळलं पाहिजे.

संदर्भ देताना पक्षकारांची नावं, वर्ष, खंड, अहवालाचं नाव, पान आणि परिच्छेद क्रमांक, सगळं लिहा. तटस्थ उद्धरण क्रमांक, म्हणजे न्यायालयाने स्वतः निवाड्याला दिलेला क्रमांक, उपलब्ध असेल तर तोही द्या, कारण लहान गावातल्या वकिलाकडे महागडे अहवाल नसतात आणि त्या क्रमांकावरून निवाडा मोफत शोधता येतो. तळटीप पानाखालीच हवी, लेखाच्या शेवटी नको. निवाड्यातला उतारा तुम्ही स्वतः मराठीत आणला असेल तर तसं नमूद करा आणि मूळ इंग्रजी मजकूर तळटिपेत द्या. मुंबई उच्च न्यायालयाचं आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालतं, त्यामुळे वाद झालाच तर मूळ मजकूरच पाहिला जाणार.

जुन्या आणि नव्या संहिता

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे अनुक्रमे भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि भारतीय पुरावा अधिनियम यांच्या जागी लागू झाले. लेखात दोन्ही कलमं द्या. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता न्याय संहितेत १०३(१) आहे, फसवणुकीचं ४२० आता तिथेच ३१८(४) आहे, पोटगीचं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५बी आता साक्ष्य अधिनियमात ६३ आहे. नुसता आकडा बदलून भागत नाही. कलम ६३ च्या प्रमाणपत्राला आता ठरलेला नमुना आहे, त्याचे दोन भाग आहेत आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे ताडून पाहण्याचा संकेतांक) द्यावी लागते. हा फरक ज्या लेखात नाही तो जुनाच लेख समजला जाईल. आणि गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल तर भारतीय दंड संहिताच लागू राहते, हे दर वेळी आठवणीने लिहा.

ओळख जपणं

या बाबतीत आम्ही कुणासाठीही नियम वाकवत नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाव गाळलं म्हणजे झालं असं नाही. गाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय, नातेवाइकाचं नाव यांतूनही लहान गावात मुलगी ओळखली जाते. निपुण सक्सेना, (२०१९) २ एससीसी ७०३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की पीडिता मृत असली आणि नातेवाइकांची संमती असली, तरी सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय नाव उघड करता येणार नाही. बालकांसाठी पॉक्सोचं, म्हणजे बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या अधिनियमाचं, कलम २३ आणि बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ वेगळं आहेच. सत्र न्यायालयात चालू असलेल्या अशा खटल्याच्या कामकाजावर न्यायालयाच्या परवानगीशिवाय लिहिताच येत नाही. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याला कलम ७३ खाली ती अट नाही.

वैवाहिक प्रकरणांबद्दल फारसं कुणाला ठाऊक नसतं. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २२ नुसार ते कामकाज बंद दाराआड चालतं आणि ते छापायला मनाई आहे. कौटुंबिक न्यायालयातली कहाणी तुम्ही स्वतः वकील म्हणून पाहिली असली, तरी ती आमच्याकडे लेख म्हणून पाठवू नका. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तर मुळीच नको.

टीका आणि हितसंबंध

निवाड्यावर कडक टीका करा, आम्हाला ती हवीच आहे. अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणातल्या निर्णयाच्या गुणदोषांवर रास्त टीका म्हणजे अवमान नव्हे, असं न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चं कलम ५ स्पष्ट सांगतं. न्यायमूर्तींच्या हेतूवर मात्र एक शब्दही आम्ही ठेवणार नाही. तर्क कुठे तुटला ते दाखवा.

त्या प्रकरणात तुम्ही, तुमचे ज्येष्ठ किंवा तुमचं कार्यालय कुणाच्या बाजूने उभं असेल, तर ते पहिल्याच तळटिपेत सांगा. असा लेख आम्ही नाकारत नाही. प्रकरण लढलेल्या वकिलाला जे दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही. पण हरलेली बाजू लेखातून पुन्हा लढवली जात असेल, तर वाचकाला ते माहीत असण्याचा हक्क आहे.

लेखकाच्या परिचयात नाव, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढंच द्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ वकिलाला जाहिरात करू देत नाही, त्यामुळे कार्यालयाचा पत्ता किंवा ‘अमुक दाव्यांचे तज्ज्ञ’ असं काही छापलं जाणार नाही.

स्वतःचं लेखन

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानलं आहे, आणि श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर किंवा कायद्याचा मजकूर त्यात मोजला जात नाही. आम्ही तपासणी करतो, पण त्या टक्केवारीवर निर्धास्त राहू नका. इंग्रजी लेखाचं निमूट मराठी भाषांतर करून स्वतःच्या नावावर पाठवलं तर यंत्राला ते सापडत नाही, परीक्षकाला सापडतं. वाक्यांची ठेवण, उदाहरणांचा क्रम आणि तळटिपांचा क्रम तोच असतो. असा लेख आला तर त्या लेखकाचं पुढचं लेखनही आम्ही स्वीकारत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने भाषा तपासून घेतली असेल तर तसं कळवा. निवाडे शोधायला मात्र त्यावर विसंबू नका. ही साधनं अस्तित्वातच नसलेले निवाडे खंड आणि पान क्रमांकासह देतात. माटा वि. एव्हियान्का प्रकरणात न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी असे बनावट निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि जून २०२३ मध्ये त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. आमच्या संपादक मंडळातले विद्यार्थी प्रत्येक तळटीप उघडून पाहतात. निवाडा सापडला नाही तर लेख तिथेच थांबतो.

पाठवण्याची पद्धत

लेख यूनिकोडमध्ये, वर्ड फाइलमध्ये पाठवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर आमच्याकडे उघडताना जोडाक्षरं तुटतात आणि कलमांचे आकडेही बिघडतात. दोन फाइली हव्यात. एकीत नाव, परिचय आणि दोनशे शब्दांचा सारांश ठेवा, दुसरीत फक्त लेख. दोन परीक्षक लेख वाचतात, त्यांना लेखक कोण हे माहीत नसतं. त्यामुळे ‘माझ्या मागील लेखात म्हटल्याप्रमाणे’ अशी वाक्यं काढा आणि फाइलच्या गुणधर्मांतलं नावही पुसा. एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवा. दुसरीकडे स्वीकारला गेला असेल तर लगेच कळवा, परीक्षक हे काम विनामोबदला करतात.

आम्ही लेखकाकडून एक रुपयाही घेत नाही. ‘आठ दिवसांत छापून देतो, इतके पैसे भरा’ असा संदेश आला तर तिथे तुमचा लेख कुणी वाचणार नाही हे समजा. आयएसएसएन क्रमांक दाखवला म्हणून भुलू नका. तो फक्त नियतकालिकाची ओळख पटवतो, दर्जाची हमी देत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी लेखकांवर आणि त्यांच्या संस्थांवर आली आहे. मागचे दोन-तीन अंक मिळवून वाचा, हा त्यावर मला ठाऊक असलेला सगळ्यात भरवशाचा उपाय.

निर्णय कळायला साधारण दोन महिने लागतात. ‘सुधारून पाठवा’ असं उत्तर आलं तर निराश होऊ नका, आमच्या अंकातले बहुतेक चांगले लेख त्या वाटेनेच आले आहेत. परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा घेऊन, काय बदललं आणि काय का बदललं नाही, हे वेगळ्या पानावर लिहा. परीक्षकाशी असहमत होण्याचा तुम्हाला हक्क आहे, फक्त कारण द्या.

स्वामित्वहक्क लेखकाकडेच राहतो. प्रथम प्रकाशनाची परवानगी आम्ही लेखी घेतो आणि तिची मुदत त्यात नमूद करतो. इतर कुठे हक्क सोपवताना कागद वाचून सही करा. मुदत लिहिलेली नसेल तर स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम १९ नुसार ती पाच वर्षं धरली जाते.

छापून झाल्यावर चूक सापडली तर कळवा, शुद्धिपत्र पुढच्या अंकात अनुक्रमणिकेच्या लगेच नंतर जातं. तुम्ही ज्याच्यावर लिहिलं तो निवाडा पुढे फिरवला गेला, तर तीनशे शब्दांचं टिपण पाठवा. त्याला परीक्षणाची रांग नाही, ते येईल त्या अंकात आम्ही घेतो.