पुण्यात गाडी आणलीत? आधी टायरची हवा बघा

लातूर-नांदेडकडून नोकरीसाठी पुण्यात येणारी आपली माणसं भाडेकरार, गॅस, मुलांची शाळा, सगळं विचारून घेतात. गावाहून आणलेल्या गाडीच्या हवेचं मात्र कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.

पंपावर मुलगा विचारेल, "किती टाकू?" तेव्हा "टाक तीस-पस्तीस" असं मोघम सांगू नका. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर कंपनीचा स्टिकर दिसतो. पुढच्या-मागच्या टायरला किती हवा, दोन-तीन माणसं असताना किती आणि गाडी भरलेली असताना किती, हे त्यावर असतं. बहुतेक सेडानना ३० ते ३५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास लागते, पण तुमच्या गाडीच्या स्टिकरवरचा आकडाच खरा. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही टायरची कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायची नसते.

सगळ्यात जास्त गफलत होते ती गरम टायरवर. बार्शी, टेंभुर्णी करत मे महिन्याच्या उन्हात सोलापूर रोडने हडपसरला पोचलात की टायर तापलेले असतात आणि मीटर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. पंपवाला प्रामाणिकपणे "जास्त आहे" म्हणून हवा सोडतो. सकाळी टायर थंड झाले की तीच गाडी कमी हवेवर उभी असते. म्हणून गरम टायरची हवा सोडू देऊ नका. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, घराजवळच्याच पंपावर सकाळी तपासा.

थंडीतही लक्ष असू द्या. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की एक पीएसआय कमी होतो. मे महिन्यात ३३ भरलेली हवा डिसेंबरातल्या दहा-बारा अंशांच्या पहाटे पंक्चर नसतानाही २८ वर आलेली दिसू शकते. शिवाय दर महिन्याला थोडी हवा आपोआप जातेच. महिन्यातून एकदा तरी बघा. एक्स्प्रेसवेला लागण्याआधी तर बघाच. कमी हवेचा टायर वेगात जास्त वाकतो, आतून तापतो आणि फुटू शकतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावर त्याची पकडही लवकर सुटते. उलट, हवा जास्त झाली की टायर मधोमध झिजतो आणि ब्रेक लावताना रस्त्याला नीट टेकत नाही.

पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते, पैसे मागितले तर देऊ नका. नायट्रोजनच हवा असा आग्रह धरायची गरज नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शक्य झालं तर स्वतःचा छोटा डिजिटल मीटर घ्या, पंपावरचे मीटर धक्के खाऊन चुकलेले असतात. हवा भरल्यावर व्हॉल्व्हची टोपी लावून घ्या.

दिवाळीला घरची चौघं-पाचजणं आणि डिकीभर सामान घेऊन गावी निघाल तेव्हा स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा वापरा, बहुधा मागच्या टायरला जास्त लागते. परत आल्यावर टायर थंड झाले की हवा पूर्ववत करा. स्टेपनीचीही हवा त्याच वेळी बघून घ्या. काही सेडानमध्ये ती बारीक, तात्पुरती असते. तिला बहुतेक ६० पीएसआय लागते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नसतं.