गरोदरपणातील फोटोसेशनची तयारी: या चुका टाळा

गरोदरपणातील फोटोसेशनसाठी कोल्हापुरातून आम्हाला येणाऱ्या बहुतेक फोनवर एकच घाई ऐकू येते: "रविवारी डोहाळजेवण आहे, त्याच संध्याकाळी रंकाळा तलावावर फोटोही काढून घेऊ, कारण सोमवारी ती माहेरी जाणार आहे." सर्वांत मोठी चूक इथेच होते. डोहाळजेवणाच्या दिवशी गरोदर बाई सकाळपासून फुलांचे दागिने घालून पाटावर बसलेली असते, ओटी भरून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा उठते, आग्रहामुळे जड जेवते आणि संध्याकाळपर्यंत तिची पावले सुजलेली असतात. त्यानंतर तिला पुन्हा दोन तास उभे करणे तिच्यावर अन्याय आहे, आणि थकलेला चेहरा कोणत्याही मेकअपने झाकला जात नाही. सेशनसाठी स्वतंत्र दिवस ठेवावा. साधारणपणे 28 ते 34 आठवड्यांचा काळ योग्य ठरतो, कारण तेव्हा पोटाचा आकार स्पष्ट दिसतो आणि हालचालही फारशी अवघडलेली नसते. जुळी बाळे असतील, तर याहून काही आठवडे आधीच उरकावे. वार (प्लासेंटा) खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय तारीख ठरवू नये. अशा वेळी घरातल्या खिडकीजवळ अर्ध्या तासात काढलेली छायाचित्रेही फार सुंदर येतात.

दुसरी चूक जागेची. रंकाळा चौपाटीवर उभे राहिल्यास सूर्य तळ्यापलीकडे मावळतो, म्हणजे संध्याकाळी प्रकाश पाठीमागून येतो आणि रिफ्लेक्टर किंवा फ्लॅश नसेल, तर चेहरा काळवंडतो. त्यातच गर्दीची वेळ असल्याने अनोळखी नजरांसमोर ती संकोचते. तेच सकाळी लवकर गेल्यास कोवळे ऊन समोरून तोंडावर पडते आणि पाणी मागे शांत असते. संध्याकाळच हवी असेल, तर वेळ ऋतूनुसार ठरवावी: डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. म्हणून "पाच वाजता भेटू" हा वर्षभराचा नियम होऊ शकत नाही.

पन्हाळा किल्ल्यावर फोटो काढण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण सुमारे 20 किलोमीटरचा तो रस्ता शेवटी घाटवळणांचा आहे आणि आठव्या महिन्यात त्या वळणांनी मळमळ होऊ शकते. पावसाळ्यात तिथे धुके आणि वारा असतो, दगडी पायऱ्यांवर शेवाळ साचते. या काळात शरीराचा तोल पुढे सरकलेला आणि सांधे सैलावलेले असतात, त्यामुळे तटबंदीच्या कडेला किंवा ओल्या दगडावर उभे राहण्याचा हट्ट अजिबात धरू नये. गाडी जिथपर्यंत जाते, तिथूनच चांगली चौकट शोधणे हे छायाचित्रकाराचे काम आहे. किल्ल्यावरील संरक्षित वास्तूंजवळ ट्रायपॉड लावायचा असेल, तर परवानगीची चौकशी आधीच करावी. जून ते सप्टेंबर या काळात स्टुडिओतील किंवा घरातील पर्यायी दिवसही ठरवून ठेवावा.

कपड्यांबाबत सर्वांत जास्त चुका होतात आणि त्या बहुधा साध्याच असतात. डोहाळजेवणाची हिरवी साडी नेसून बागेतल्या हिरवळीवर उभे राहिल्यास साडी मागच्या हिरव्यात विरून जाते, शिवाय गवतावरून उसळणाऱ्या प्रकाशाची हिरवट छटा हनुवटीखाली आणि गळ्यावर उतरते. हीच साडी काळ्या दगडी भिंतीसमोर किंवा जुन्या लाकडी दाराजवळ खुलून दिसते. नऊवारी नेसताना निऱ्यांचा गठ्ठा पोटावर खोचला, तर ज्यासाठी हे सारे करायचे तो आकारच झाकला जातो. म्हणून गाठ पोटाखाली सैल बांधावी, पदराच्या बारीक घड्या घालून तो खांद्यावर पिन करावा आणि छायाचित्र बाजूने घ्यावे. पोट उघडे ठेवून छायाचित्रे घ्यायची असतील, तर घट्ट इलॅस्टिकचे कपडे किमान दोन तास आधी काढून ठेवावेत, कारण रबराचे लाल वळ लवकर उतरत नाहीत. पतीने बारीक चौकडीचा किंवा अगदी जवळजवळच्या रेघांचा शर्ट घालू नये, कारण कॅमेऱ्यात त्यावर विचित्र लहरी उमटतात.

दागिन्यांत साज आणि ठुशी शोभतातच, पण अंगठ्या आदल्या दिवशी घालून पाहाव्यात. आमच्याकडे आलेल्या एका ताईंची लग्नातली अंगठी फोटोसाठी हौसेने घातल्यावर बोटात इतकी रुतली, की साबणाचे पाणी लावून ती काढण्यात पाऊण तास गेला आणि तोवर त्यांच्या चेहऱ्यावरचा उत्साह ओसरला. पायांवर थोडी सूज येणे नेहमीचे आहे, परंतु चेहरा आणि हात अचानक सुजले, डोके दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सेशन रद्द करून थेट डॉक्टरांकडे जावे. कोरी कोल्हापुरी चप्पल चावते आणि गुळगुळीत फरशीवर सटकते. ती फक्त छायाचित्रापुरती घालावी आणि चालायला रोजची वापरातली सपाट चप्पल ठेवावी. मेंदी काढायची असेल, तर झटपट काळी होणारी टाळावी, तिच्यात त्वचेला घातक रसायन असू शकते.

उपाशीपोटी येणे जितके चुकीचे, तितकेच झणझणीत मिसळ खाऊन येणेही. या महिन्यांत छातीत जळजळ सहज होते. तास-दीड तास आधी दहीभात किंवा वरणभात खावा, सोबत पाणी, केळे आणि एखादा लाडू असावा, आणि जवळ स्वच्छ स्वच्छतागृह आहे ना, हे आधी पाहावे. पाठीवर सरळ झोपवून छायाचित्र घेण्याचा आग्रह कोणी धरला, तर स्पष्ट नकार द्यावा. त्या स्थितीत गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून चक्कर येऊ शकते. डाव्या कुशीवर, उशीचा आधार घेऊन पहुडणे सुरक्षित असते.

सोनोग्राफीचे चित्र हातात धरून फोटो काढताना त्यावरील नाव आणि दवाखान्याचा तपशील झाकावा. ते चित्र उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते. त्याला लॅमिनेशन केले, तर ते काळे पडते, म्हणून त्याची मोबाइलवर प्रत आधीच घ्यावी. निळ्या-गुलाबी फुग्यांतून बाळाचे लिंग जाहीर करण्याची परदेशी पद्धत मात्र येथे आणूच नये. आपल्याकडे 1994 च्या कायद्याने गर्भलिंग तपासणे आणि सांगणे हा गुन्हा आहे, आणि तो कायदा मुलींच्या जिवासाठी करावा लागला आहे.

छायाचित्रकाराशी व्यवहार तोंडी ठेवू नये. किती छायाचित्रे संपादित करून मिळणार, ती कधी मिळणार आणि आपल्या संमतीशिवाय ती समाजमाध्यमांवर टाकली जाणार नाहीत, हे लिहून घ्यावे. बाळंतपण ठरलेल्या तारखेआधीच झाले, तर भरलेली आगाऊ रक्कम बाळाच्या छायाचित्रांसाठी वळती होईल, हेही त्याच कागदावर असावे.