'मम्मी, तू सांग ना' पासून 'बाई, मला...' पर्यंत

आमच्या पोराला डिस्लेक्सिया (वाचायला-लिहायला जड जाणं) आहे हे तिसरीत कळलं, त्याचं सर्टिफिकेट झालं, आणि पुढची चार वर्षं शाळेत सगळं मीच जाऊन बोलायचे. सातवीत सहामाहीला सुपरवायझर नवीन होत्या, त्यांनी बेल झाली तसा पेपर ओढून घेतला. अशा मुलांना पेपरला जादा वेळ मिळतो; दोन तासांचा पेपर, तासाला 20 मिनिटांप्रमाणे ह्याची 40 मिनिटं बाकी होती आणि हा गप्प! मी भांडायला निघालेच होते, पण मग वाटलं, दहावीच्या सेंटरवर मी काय खिडकीत उभी राहणारे?

म्हणून ठरवलं, ह्याला स्वतःसाठी स्वतः बोलायला शिकवायचं. तर आधी मुलाला त्याचं सर्टिफिकेट वाचून दाखवा. आमचं कपाटातल्या फायलीत पडून होतं, त्याने कधी बघितलंच नव्हतं. अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, त्यामुळे जादा वेळ ही मेहरबानी नाही, हेही सांगा. सगळं ऐकून त्याने विचारलं, मग स्पेलिंगचे मार्क का कापतात? म्हटलं हे बाईंनाच विचार.

सुरुवात शाळेपासून नका करू. आम्ही हॉटेलपासून केली. मेनूकार्ड वाचायला त्याला जड जातं, तर वेटरला स्वतःच विचारायचं, काका, डोश्यात काय काय आहे? पहिल्यांदा माझ्याकडे बघत बसला, मी मुद्दाम पाणी पीत राहिले.

मग एकच वाक्य पाठ करून घ्या, त्यात अडचण काय आणि हवंय काय दोन्ही पाहिजे. आमचं होतं, 'बाई, मला फळ्यावरचं उतरवायला वेळ लागतो, थोडं उशिरा पुसाल का?' नुसतं 'मला जमत नाही' म्हटलं की समोरचा म्हणतो, प्रयत्न कर. घरी बाबा टॉवेलचा पदर घेऊन बाई झाले आणि मुद्दाम खेकसायचे, 'सगळ्यांना जमतं, तुलाच काय झालं?' हसून हसून वाट लागली, पण खरी प्रॅक्टिस तीच, कारण 'नाही' ऐकल्यावर काय बोलायचं हेच मुलांना माहीत नसतं. आमचं उत्तर ठरलेलं, 'मग मी कोणाला विचारू?' वर्गासमोर लाज वाटत असेल तर चिठ्ठी द्यायची, त्यात काही कमीपणा नाही.

क्लासटीचरना मात्र आधी गुपचूप कल्पना द्या, पहिलाच प्रयत्न फसला तर पोरगं परत तोंड उघडत नाही. आणि ओपन हाऊसला त्याला पहिले बोलू द्या. हे मला सगळ्यात अवघड गेलं, तो अडखळला की माझंच तोंड उघडायचं.

वार्षिकला परत तसंच झालं, सुपरवायझर नवीन. पाठ केलेलं वाक्य ऐनवेळी विसरला, पाऊचमधली सर्टिफिकेटची झेरॉक्स तेवढी पुढे सरकवली आणि म्हणाला, 'ऑफिसमध्ये विचारा.' त्यांनी विचारलं. 40 मिनिटं मिळाली, ह्याचं 15 मध्येच उरकलं, उरलेला वेळ मागच्या पानावर क्रिकेटचं ग्राउंड काढत बसला.