दारू सोडायचीय, पण मिटिंग शोधायची कशी?

मिटिंग म्हणजे दारू सोडू पाहणारी माणसं एकत्र बसून बोलतात ती बैठक. तिचा पत्ता शोधायला पाच मिनिटं लागतात, दारातून आत जायला मला तीन आठवडे लागले, म्हणून दोन्हीबद्दल लिहितो.

त्याआधी एक गोष्ट. रोज भरपूर पीत असाल, सकाळी घोट घेतल्याशिवाय हात थरथरत असतील, तर आधी डॉक्टर आणि मग मिटिंग. अचानक बंद केल्यावर काहींना फिट येते, दोन-तीन दिवसांनी भास व्हायला लागतात, भलतंसलतं दिसतं आणि ते जिवावर बेतू शकतं. ग्रुपमधली माणसं कितीही मायेची असली तरी ती डॉक्टर नाहीत.

आता शोधाशोध. सगळ्यात जास्त मिटिंगा सापडतील त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, सगळे नुसतं एए म्हणतात. ही संघटना सुरू झाली १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये. बिल विल्सन नावाचा माणूस धंद्याच्या कामाला तिथे गेलेला, काम फिसकटलं, हॉटेलातल्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते आणि त्याला वाटलं आता आपण पिणार, तर तो लॉबीतल्या फोनवरून चर्चच्या लोकांना एकामागून एक फोन लावत बसला की मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ भेटले, तेही पिणारेच, आणि दोघांनी मिळून एए सुरू केली. म्हणजे पहिली मिटिंगसुद्धा फोन करूनच सापडलेली.

तुम्हीही तेच करा. एएच्या वेबसाइटवर देशानुसार संपर्क मिळतात, मिटिंग गाइड नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात वार, वेळ आणि जवळची जागा दिसते. पण नुसत्या यादीवर विसंबून निघू नका. मी तसाच गेलो होतो, कसाबसा धीर गोळा करून, आणि समोर गेटला हे भलंमोठं कुलूप. मिटिंग दुसरीकडे हलली होती, यादी जुनीच. मी घरी आलो आणि त्या रात्री प्यायलो, खरं सांगायचं तर कुलूप हे निमित्तच होतं. तेव्हा एएच्या हेल्पलाइनला फोन करून तीनच प्रश्न विचारा: ही मिटिंग अजून चालू आहे का, नेमकं कोणत्या दारातून यायचं, आणि ओपन आहे का क्लोज्ड. ओपनला कुणीही येऊन बसू शकतं, सोबत बायको, भाऊ, मित्र कुणीही चालतो. क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःला दारू सोडायचीय त्यांच्यासाठी. फोनवरचा माणूस बहुतेक स्वतःच त्यातून गेलेला असतो, त्यामुळे आवाज कापला तरी लाजायचं कारण नाही. दारापाशी कुणी भेटेल का असंही विचारून ठेवा, बऱ्याचदा कुणीतरी येतं.

दहा मिनिटं आधी पोचा. उशिरा गेलं की सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळतात असं वाटतं, आधी गेलं की खुर्च्या मांडायला हात लावता येतो आणि हातांना काम असलं की पळून जावंसं कमी वाटतं. मी पहिल्या दिवशी कानाला फोन लावून खोटंच बोलत बाहेर उभा होतो, तर आतून एक काका आले आणि म्हणाले, फोन झाला की या, चहा गार होतोय. बास. एवढंच.

आत साधारण तास-दीड तास, थोडं वाचन, मग एकेक जण बोलतो. मध्ये कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली की नाव सांगून ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं तरी चालतं. आडनाव लागत नाही, फी नाही, डबा फिरतो त्यात नवीन माणसाने काही टाकायची गरज नाही. दारू सोडायची इच्छा हवी, तेवढी एकच अट.

एएतल्या देवाबिवाच्या बोलण्याने काहींना अवघडल्यासारखं होतं, मलाही झालं. तसं असेल तर स्मार्ट रिकव्हरी बघा, तिथे विचार आणि सवयी बदलायच्या युक्त्यांवर भर असतो, देवाचा विषय नसतो. फक्त बायकांसाठी विमेन फॉर सोब्रायटी आहे. आणि पिणारा घरातला दुसराच कुणी असेल, तर तुमच्यासाठी अल-अनॉन, १९५१ पासून चालू आहे, पोरांसाठी अलाटीन. जाणं जमत नसेल तर ऑनलाइन मिटिंगा आहेत, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं, मध्यरात्रीसुद्धा कुठेतरी एक चालू असते.

एका मिटिंगवरून निकाल लावू नका. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा, कुठे नुसत्या जुन्या कहाण्या, कुठे हसणं-खिदळणं. मला चौथा ग्रुप आवडला, तुम्ही निदान पाच-सहा तरी बघा. एखादा मेंबर डॉक्टरांच्या गोळ्या बंद कर म्हणाला तर ऐकू नका, ते त्याचं काम नाही, एएसुद्धा हेच सांगते. कुणी पैसे मागितले किंवा अंगचटीला आलं तर सरळ दुसरा ग्रुप धरा.

निघायच्या आधी मात्र दोन-तीन जणांचे नंबर घ्या आणि दुसऱ्याच दिवशी एकाला उगाच फोन करून बघा, काही काम नसताना. तलफ आलेल्या रात्री अनोळखी नंबर लावायला बोट उचलत नाही, आधी एकदा बोललेलं असलं की लागतो.